लेकाँट लॉजला आई-बाबांना न्यायचंय? मग लॉजची नाही, उतरणीची काळजी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की टेनेसीतल्या माउंट लेकाँटवरच्या जुन्या लॉजचं एका रात्रीचं बुकिंग तुम्हाला वेटलिस्टमधून मिळालंय, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, अटलांटाहून जायचंय, आई ६३ आणि बाबा ६८, दोघं सांगलीहून आलेत, रोज चालायला जातात पण बाबांचा उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, सोबत ९ वर्षांची मुलगी, सगळे शाकाहारी. आणि वर वीज नाही, बाथरूम नाही हे वाचून तुमच्या मिस्टरांचं म्हणणं पडलं की वयस्कर माणसांचे हाल कशाला करायचे.

मी २००६ पासून या डोंगरावर जातोय, १७ वेळा चढलोय, त्यातले ८ मुक्काम, आणि त्या आठांपैकी तीन वेळा साठी ओलांडलेली माणसं बरोबर होती. एकदा माझी स्वतःची आई होती. तेव्हा स्पष्ट सांगतो, वरच्या मुक्कामात तुमच्या आई-बाबांचे काहीही हाल होणार नाहीत, उलट तुमच्यापेक्षा तेच तिथे लवकर रुळतील. हाल व्हायचे असतील तर ते दुसऱ्या दिवशी उतरताना होतील. सगळेजण नेमकी उलटी काळजी करतात, आंघोळ कशी, टॉयलेट कुठे, फोन चार्ज कुठे करायचा, आणि आठ किलोमीटर उतरायचंय याचा कुणी विचारच करत नाही. म्हणून मीही आधी वाटेचंच बोलतो.

माउंट लेकाँटची उंची ६,५९३ फूट, म्हणजे साधारण २,०१० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्यामुळे आकडा ऐकून दडपण येतं, पण तुम्ही मुळात ३,८०० फुटांवरून चालायला सुरुवात करता, त्यामुळे प्रत्यक्ष चढ २,७०० फुटांच्या आसपास. बारी गावातून कळसूबाई चढलेल्या कुणाला विचारा, चढ साधारण तेवढाच. फक्त इथे तो एका बाजूला ५ मैलांवर पसरलाय, त्यामुळे शिड्या नाहीत, अंगावर येणारी चढण फार थोडी. उंचीचा त्रास वगैरे काही होत नाही, मसुरीला होतो का, तसंच.

वर जायच्या वाटा पाच. तुम्ही अ‍ॅलम केव्ह ट्रेलनेच जा आणि त्याच वाटेने उतरा. बुलेव्हार्ड ट्रेल न्यूफाउंड गॅप या खिंडीपासून निघतो, सुरुवातच ५,०४६ फुटांवर असल्यामुळे लोकांना तो सोपा वाटतो, पण तो ८ मैल आहे आणि मध्ये सारखा चढ-उतार, म्हणजे गुडघ्याला चढतानाही उतरावं लागतं. रेनबो फॉल्स आणि बुलहेड लांब, त्यातला बुलहेडचा पट्टा २०१६ च्या वणव्यात जळालेला, सावली कमी. ट्रिलियम गॅपची वाट सुंदर आहे, ग्रोटो फॉल्सच्या धबधब्यामागून जाते आणि लॉजचे लामा, म्हणजे उंटाच्या कुळातले ओझी वाहणारे प्राणी, याच वाटेने सामान घेऊन वर येतात, पण तीही साडेसहा मैलांच्या वर. पहिल्याच खेपेला बाबांना एवढं लांब नेऊ नका.

अ‍ॅलम केव्हची वाट मी डोळे मिटून सांगू शकतो. पहिला सव्वा मैल ओढ्याच्या काठाने, जवळजवळ सपाट, ओंडक्यांचे साकव आहेत, एका बाजूला कठडा असतो. मग आर्च रॉक येतो, खडकातून आरपार भोक आणि त्यातून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, भिंतीला लोखंडी केबल. पायऱ्या ओल्या असतात, तिथे घाई नको. पुढे चढ सुरू होतो आणि २.३ मैलांवर अ‍ॅलम केव्ह ब्लफ. नावात केव्ह असली तरी गुहा नाहीये, सुमारे ८० फूट उंचीचा पुढे झुकलेला कडा आहे, आपल्याकडच्या कपारीसारखा पण प्रचंड, आणि त्याच्याखाली इतकं कोरडं की पावसातसुद्धा पायाखाली धूळ उडते. १८३८ च्या सुमारास इथून एप्सम सॉल्ट काढायचा धंदा चालायचा. तिथे बसा, डबा उघडा, किमान अर्धा तास थांबा. आणि इथेच निर्णय घ्यायचा. बाबांना या टप्प्यावर दम लागला असेल तर हरकत नाही, दम परत येतो. पण गुडघ्यात कळ यायला लागली असेल तर परत फिरायचं, कारण खरा चढ इथून पुढे आहे आणि उतरणीत याच जागेवर यायला त्यांना अजून साडेपाच मैल जास्त चालावं लागेल. मी एका मित्राच्या काकांना इथूनच परत नेलंय. त्यांचा अर्धा दिवस चांगला गेला, कडा बघितला, संध्याकाळी गावात बसून जेवले. मित्र मात्र वर पोचला, त्याचं बुकिंग त्याने वापरलं. सगळ्यांनी वर जायलाच पाहिजे असं आधीच ठरवू नका, कोण कोणाबरोबर परत फिरणार आणि गाडीची दुसरी किल्ली कुणाकडे, एवढं गाडीतच ठरवून ठेवा.

ब्लफनंतर वाट जराशी उतरते आणि मग चढू लागते, दोन-चार ठिकाणी कड्याला लागून जाते, एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला दरी, आणि खडकाला जाड स्टीलची केबल ठोकलेली. फोटो बघून आया घाबरतात. वाट तिथे माणूस नीट उभा राहील एवढी रुंद आहे, आपल्या किल्ल्यांवरच्या साखळ्या धरून गेलेल्याला काहीच वाटणार नाही, पण खडकातून पाणी झिरपत असतं आणि पहाटे थंडी पडली तर त्याचा पातळ बर्फ होतो. ऑक्टोबरच्या मध्यात हे क्वचित होतं, मार्च-एप्रिल आणि नोव्हेंबरात हमखास, तेव्हा बुटांना लावायचे स्पाइक्स लागतातच. मुलीला केबलच्या जागी खडकाच्या बाजूने चालवा आणि तिच्या मागे-पुढे मोठं माणूस असू दे. शेवटचा अर्धा मैल पुन्हा सपाटीचा, दाट स्प्रूस आणि फरची झाडं, ओल्या पाइनचा वास, आणि मधूनच पांढरे पडलेले उभे वाळके बुंधे. ते फ्रेझर फर, युरोपातून आलेल्या एका बारीक किड्याने मारलेले. आता खालून नवीन रोपं वर येताना दिसतात, मला दरवेळी ती थोडी उंच झालेली बघायला थांबावंसं वाटतं.

आता बाबांच्या गुडघ्याचं. जायच्या किमान तीन आठवडे आधी त्यांना एका शनिवारी अ‍ॅमिकलोला फॉल्सला घेऊन जा, अटलांटाहून दीड तासावर आहे. तिथे धबधब्याच्या कडेने ६०४ पायऱ्या आहेत. एकदा चढा, वर अर्धा तास बसा, उतरा, जेवा, आणि पुन्हा एकदा चढून उतरा. हातात दोन वॉकिंग पोल द्या, एक नाही, दोन, आणि ते उतरताना थोडे लांब करायचे हे त्यांना शिकवा. त्या दिवशी संध्याकाळी ते काय म्हणतात याला महत्त्व देऊ नका, आपली वडील मंडळी "काही नाही रे, मस्त आहे" असंच म्हणतात. रविवारी सकाळी पलंगावरून उठताना आणि जिना उतरताना त्यांच्याकडे बघा. कठडा धरून एकेक पायरी उतरत असतील तर लेकाँट या वर्षी नको.

नको असेल तर पर्याय आहे आणि तो दुय्यम अजिबात नाही. त्याच अ‍ॅमिकलोलाच्या वरून ५ मैल जंगलातून चालत गेलं की लेन फूट हाइक इन नावाचा लॉज आहे. तिथेही चालतच जावं लागतं, एकत्र बसून जेवण, बंक बेड, पण वाट खूपच सौम्य, आणि गरम शॉवर आहे. लेकाँटसारखी शंभर वर्षांची जागा नाही ती, १९९८ मध्ये सुरू झाली, पण गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी मी डोळे झाकून तीच सांगेन.

गुडघा ठीक निघाला तर पुढचं वाचा.

अटलांटाहून बहुतेक लोक गॅटलिनबर्गला उतरतात कारण हॉटेलं तिथे आहेत, आणि मग ऑक्टोबरातली रंगलेली पानं बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत तासभर अडकतात. हे पार्क, म्हणजे ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क, देशात सगळ्यात जास्त माणसं येणारं आहे, वर्षाला १ कोटी २० लाखांच्या वर भेटी, आणि त्यातला मोठा वाटा याच महिन्यात रस्त्यावर असतो. तुम्ही आदल्या रात्री दक्षिणेच्या बाजूला, चेरोकी किंवा ब्रायसन सिटीत राहा आणि सकाळी अंधारात निघून न्यूफाउंड गॅप ओलांडून पलीकडे उतरा, ट्रेलहेड गॅपच्या खाली काही मैलांवर डाव्या-उजव्या हाताला गाड्या दिसतातच. साडेसातला तिथे पोचा, जागा थोडी आहे आणि लवकर भरते, आणि रस्त्याकडेला गवतात गाडी लावायचा मोह टाळा कारण ती तिथे रात्रभर राहणार आहे. पार्कात यायला पैसे नाहीत पण २०२३ पासून पार्किंगचा टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५. दोन दिवसांचे दोन घेतले तरी चालतं, माझं मत आठवड्याचा घ्या, आदल्या दिवशीही उपयोगी पडतो. टॅग छापलेला, गाडीत दिसेल असा लावायचा.

आठला चालायला लागलात की आई-बाबांच्या चालीने पाच-सहा तास धरा. दोनपर्यंत वर. तरणी माणसं तीन-साडेतीन तासांत जातात, त्यांच्याशी तुलना करायची नाही आणि बाबांना करू द्यायची नाही, मागून येणाऱ्याला बाजूला होऊन वाट द्यायची की झालं.

सामानाबद्दल एकच अनुभव सांगतो. २००६ साली पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सह्याद्रीत इतका फिरलेला, त्या गुर्मीत जीन्स आणि कॉटनचा स्वेटशर्ट घालून गेलो, ऑक्टोबरच होता. खाली छान ऊन. ब्लफच्या वर ढगात शिरलो, पाऊस सुरू झाला, पंधरा मिनिटांत कपडे चिंब आणि वारा. आपल्या पावसात भिजलं तर गरम चहा मिळेपर्यंत मजा असते, इथे माझी बोटं इतकी आखडली की सॅकची चेन उघडेना. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी स्वतःची लोकरी टोपी काढून माझ्या डोक्यात घातली आणि चालत राहा, थांबू नकोस म्हणाल्या. तेव्हापासून मी बरोबरच्या प्रत्येकाची सॅक निघायच्या आधी उघडून बघतो. कॉटन काहीही नको, जीन्स नको, आईंना सलवार चालेल पण सिंथेटिक, आणि आत थर्मल. खरा रेनकोट, ओढणीसारखा प्लास्टिकचा नाही. लोकरी टोपी आणि हातमोजे ऑक्टोबरातही. वर आल्यावर बदलायला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत. दोन लिटर पाणी प्रत्येकी, ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका, वर लॉजवर पिण्याचं पाणी मिळतं. बाबांची बीपीची वगैरे औषधं दोन ठिकाणी वाटून ठेवा, अर्धी त्यांच्या खिशात, अर्धी तुमच्या सॅकमध्ये. आणि आई-बाबांच्या पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट, बाकी तुम्ही दोघांनी न्यायचं. अंथरूण-पांघरूण न्यायचं नाही, वर चादरी, उशा आणि जाड लोकरी ब्लँकेटं असतात. टॉवेल मात्र न्या.

आता लॉज. १९२५ साली पॉल अ‍ॅडम्स नावाच्या तरुणाने वर एक तळ उभा केला, हा भाग राष्ट्रीय उद्यान व्हावा म्हणून खटपट चालली होती आणि वॉशिंग्टनहून येणाऱ्या पाहुण्यांना डोंगर दाखवायला, रात्री ठेवायला जागा हवी होती. त्याचा कुत्रा पाठीवर पिशव्या बांधून खाली गॅटलिनबर्गच्या दुकानात एकटा जायचा आणि सामान घेऊन परत यायचा. १९२६ मध्ये जॅक हफने जागा हातात घेतली, तिथल्याच झाडांच्या ओंडक्यांच्या केबिन बांधल्या, आणि १९६० पर्यंत त्याने आणि बायको पॉलीनने ती चालवली. त्यांचं लग्नसुद्धा १९३४ साली वरच, मर्टल पॉइंटला सूर्योदयाच्या वेळी लागलं. पार्क झालं तेही त्याच वर्षी. जॅकची आई आजारी असायची आणि तिला एकदा वर यायचं होतं. चालणं शक्य नव्हतं. तर त्याने एका खुर्चीला पट्टे बांधले, ती पाठीला लावली आणि आईला उलटं बसवून डोंगर चढला. त्याचा फोटो आहे, जॅक पुढे वाकलेला आणि पाठीमागे खुर्चीत आई, तोंड मागे, म्हणजे ती पूर्ण वाटभर मागे पडत जाणारी दरी बघत गेली असणार. मी माझ्या आईला तो फोटो दाखवला तेव्हा ती श्रावणबाळाचं काही बोलली नाही, नुसतं विचारलं, "उतरवलं कसं रे तिला?"

वर आजही रस्ता नाही. हंगाम मार्चच्या उत्तरार्धात सुरू होतो तेव्हा हेलिकॉप्टर एकदा जड सामान टाकून जातं, गॅसच्या टाक्या, पीठ, डबाबंद माल, आणि मग नोव्हेंबर अखेरपर्यंत आठवड्यातून तीनदा लामांचा तांडा ताजं सामान आणि धुतलेल्या चादरी वर आणतो, मळलेल्या चादरी आणि कचरा खाली नेतो. घोड्यांच्या टापांनी पायवाट उखडते, लामाचे पाय मऊ, म्हणून लामा. मुलीला हे आधी सांगून ठेवा, सोमवार-बुधवार-शुक्रवार असेल तर दिसायची चांगली शक्यता, आणि स्वयंपाकघरातले उरलेले पॅनकेक त्यांना मिळतात हे कळलं की ती उत्साहाने चालेल. एका रात्रीला जेमतेम ६० माणसं मावतात, म्हणूनच बुकिंगची एवढी मारामारी, आदल्या ऑक्टोबरात पुढच्या वर्षीचं उघडतं आणि संपतं. तुम्हाला वेटलिस्टमधून मिळालं ते नशीबच.

केबिन लहान असते. एक खोली, भिंतीला लागून दुमजली बंक, तेही डबल रुंदीचे, म्हणजे तुम्ही पाच जण एकाच केबिनमध्ये झोपू शकाल. खालचा बंक आई-बाबांना. एक गॅसचा हीटर, एक पत्र्याचं घमेलं, एक बादली, आणि रॉकेलचा कंदील. इथेच मी म्हणतो ते कळेल. २०१४ ला आई वर आली तेव्हा ती ६६ ची होती, नाशिकजवळच्या ज्या खेड्यात ती वाढली तिथे तिच्या मॅट्रिकपर्यंत वीज नव्हती. मी हेडलॅम्प शोधत होतो तोवर तिने कंदिलाची काच काढली, पदरासारखा जॅकेटचा कोपरा धरून आतून फिरवली, वात बघितली, एका बाजूला वर आली होती ती बोटांनी सारखी केली, काडी लावली आणि काच परत बसवून वात खाली केली. मी म्हटलं मोठी कर की, तर म्हणाली, काच काळी होईल, रात्रभर पुरवायचंय ना. मग हात नाकाजवळ नेऊन रॉकेलचा वास घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मी २० वर्षं या देशात तिला काय काय दाखवलं, नायगारा, न्यूयॉर्क, सगळीकडे ती पाहुणी होती. तिथे पहिल्यांदा ती मला काहीतरी करून दाखवत होती.

आंघोळीचं म्हणाल तर बादलीत गरम पाणी आणायचं, घमेल्यात घ्यायचं, अंग पुसायचं. सांगलीच्या माणसाला न्हाणीघराशिवाय तांब्या-बादलीने भागवणं शिकवायला नको. टॉयलेट फ्लशचं आहे, स्वच्छ असतं, पण केबिनपासून थोडं चालत जावं लागतं, आणि साठीनंतर रात्री एक-दोनदा उठणं आलंच, तर हे आधी नीट बसवा. उजेडात असतानाच बाबांना ती वाट दोनदा चालवून आणा, दगड कुठे, पायरी कुठे. हेडलॅम्प प्रत्येकाच्या उशाशी, मोबाइलचा टॉर्च नाही कारण थंडीत बॅटरी पटकन उतरते. बूट आणि जॅकेट दाराशी तयार. आणि रात्री कुणीही एकटं जायचं नाही, अस्वलांपेक्षा ठेच लागण्यामुळे. अस्वलं पार्कात १,९०० च्या आसपास आहेत, वर कधी कधी येतात, दिसलं तर किमान ५० यार्ड लांब राहायचं आणि पोर्चवर खाण्याची एकही पिशवी ठेवायची नाही, एवढं पाळलं की पुरे.

जेवण. शाकाहारी आहात हे आत्ताच फोन करून नोंदवा, वर गेल्यावर सांगून उपयोग नाही, कारण जे आलंय ते लामाच्या पाठीवरून आलंय. ६ वाजता सगळे एकदम बसतात, लांब टेबलं, भांडी एकाकडून दुसऱ्याकडे सरकवायची. सूप, कुस्करलेले बटाटे, घेवड्याच्या शेंगा, दालचिनी घातलेली शिजवलेली सफरचंदं, मक्याचा पाव, शेवटी कुकी. बाकीच्यांच्या ताटात बीफ आणि त्याची ग्रेव्ही असेल, ते भांडं टेबलावरून फिरणार, आई-बाबांना याची आधी कल्पना द्या म्हणजे ऐनवेळी अवघडणार नाहीत. सूप आणि शेंगा कशात शिजवल्यात हे प्रत्येक वेळी विचारा, विचारलेलं त्यांना आवडतं, कोणी तोंड वाकडं करत नाही. सकाळी ८ ला नाश्ता, पॅनकेक, बिस्किट म्हणजे गरम मऊ पाव, अंडी, आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे आपल्या कण्या, जोंधळ्याऐवजी मक्याच्या. आईने त्यावर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी घातली आणि शेजारी बसलेल्या ओहायोच्या आजोबांनी वाटी पुढे केली. तेव्हा चटणीची पुडी न्याच, लिंबाचं लोणचं नेलंत तर डबा घट्ट बंद होणारा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मावळतो साधारण सातला आणि उगवतो पावणेआठच्या जवळ. म्हणजे ६ चं जेवण आटोपून सूर्यास्तासाठी क्लिफ टॉप्सच्या कड्यावर जायला अगदी बरोबर वेळ मिळतो, जेमतेम पाव मैल, थोडा चढ, सगळ्यांना न्या, ब्लँकेट नका नेऊ, जॅकेटं न्या, वारा कापतो. सूर्योदय मर्टल पॉइंटवरून, तो पाऊण मैलाच्या आसपास, आणि अडचण अशी की ८ ला नाश्ता आहे. या दिवसांत दोन्ही नीट जमत नाही. आई-बाबांना अंधारात खडबडीत वाटेने नेऊन मग नाश्त्यासाठी धावत परत आणू नका, त्यांना उतरायचंय, त्यांचे पाय राखून ठेवा. तुम्ही किंवा मिस्टर, एकाने मुलीला घेऊन पावणेसातला निघा, तांबडं फुटताना बघा, आणि सूर्य वर आला की लगेच वळा. वाटेत हाय टॉप, म्हणजे लेकाँटचा सगळ्यात उंच माथा लागतो, तिथे लोकांनी दगडांचा ढीग रचलाय. शेजारचं कुवोही शिखर, म्हणजे आधीचं क्लिंगमन्स डोम, ६,६४३ फूट, लेकाँटपेक्षा ५० फुटांनी उंच, तर दगड टाकून टाकून ती तूट भरून काढायची अशी तिथली जुनी रीत आहे. मुलीला एक दगड टाकू दे.

तोवर आई-बाबा पोर्चवरच्या झुलत्या खुर्च्यांवर बसू देत. खाली दरीत ढग भरलेले असतील तर गॅटलिनबर्गचे दिवे विझताना दिसत नाहीत, नुसतं पांढरं, आणि वर ऊन. मी आठ मुक्कामांत हे तीनदा बघितलंय.

उतरायला साडेनऊ-दहाला लागा, त्याच्या आधी नको, पहाटेचा ओलावा खडकावरून जरा सुकू द्या. बाबा सगळ्यांत पुढे, त्यांची चाल तीच सगळ्यांची चाल. दर पाऊण तासाला बसायचं, दुखत असो वा नसो. दुखायला लागल्यावर बसून फारसा फायदा नाही, म्हणून आधीच. गुडघ्याचा पट्टा त्यांना सवयीचा असेल तर सकाळी केबिनमध्येच बांधा, नवीन विकत घेऊन पहिल्यांदा तिथे बांधू नका, काचतो. ब्लफपाशी पुन्हा अर्धा तास. दुपारी तीनपर्यंत गाडीपाशी, आणि त्या दिवशी अटलांटापर्यंत चार तास गाडीत बसवू नका, पाय आखडतात, परत ब्रायसन सिटीतच राहा, गरम पाण्याची आंघोळ होऊ दे.

मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवा किंवा नका दाखवू, पण त्यांचा प्रश्न बाबांनाच विचारून बघा, कंदिलाच्या उजेडात एक रात्र काढाल का म्हणून. आणि या शनिवारी अ‍ॅमिकलोला. रविवारी सकाळी ते जिना कसे उतरले ते मला कळवा, मग बुकिंग ठेवायचं की सोडायचं ते ठरवू.